कोरडी जागा

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी शहरात दर आठवड्याला एखादं सरकारी कार्यालय उघडत होतं. उस्मानाबादहून ट्रकांतून कपाटं यायची, भाड्याच्या खोल्यांवर ओल्या रंगाच्या पाट्या लागायच्या आणि लोक सातबाऱ्यासाठी भलत्याच दारात तासभर उभे राहायचे. त्या गडबडीत आमचीही एक पाटी लागली: भूभौतिक निरीक्षण उपविभाग. आम्ही कशाचं निरीक्षण करतो हे कुणी विचारलं नाही. कार्यालयासाठी लातूर निवडलं ते याच कारणाने.

मी तिथली प्रमुख होते. हाताखाली दोन सर्वेक्षक, एक टंकलेखक आणि एक जीप. जीप बहुतेक वेळा गॅरेजात असे. मी मूळची नायगावची. उस्मानिया विद्यापीठात भूभौतिकशास्त्र शिकले आणि एका जाहिरातीला अर्ज करून संरक्षण खात्याच्या एका विभागात लागले. त्या विभागाचं नाव घरी सांगायची परवानगी नव्हती. आई शेजारणींना सांगायची, पोरगी जमिनीचं काहीतरी मोजते. ते खरंच होतं.

जगात कुठेही जमिनीखाली मोठा स्फोट झाला की त्याची थरथर खडकातून काही मिनिटांत आपल्या पायाखाली येते. ती ऐकणारं यंत्र सव्वाशे मीटर खोल भोकाच्या तळाशी ठेवायचं असतं. भोवतालचा खडक सलग हवा आणि कोरडा हवा. फटीतून झिरपणारं पाणीसुद्धा त्या यंत्राला गोंगाट वाटतो. लातूरचा काळा दगड थराथरांचा, थरांमध्ये पाणी. म्हणून मी नांदेडच्या पूर्वेला, भोकरच्या पुढे हिमायतनगरच्या वाटेवर जागा शोधत होते. तिथे काळा दगड संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो.

ब्याऐंशीचा पाऊस पोळ्यानंतर आलाच नाही. त्र्याऐंशीच्या जानेवारीत विहिरींचे तळ दिसू लागले. सगळा मराठवाडा पाणी शोधत होता आणि मी चार लोखंडी सळया, वायरची रिळं आणि एक बॅटरी घेऊन पाणी नसलेली जागा शोधत हिंडत होते.

शिळगव्हाण नावाच्या गावाच्या गायरानात ती जागा मला सापडली; कागदोपत्री स्थळ क्रमांक सात. वायर ओढायला व्यंकटी नावाचा गावातलाच माणूस रोजंदारीवर घेतला होता. तो पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचा. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. मी खूण केलेल्या जागेवर तो दोनदा चालून आला आणि म्हणाला, "म्याडम, हितं पाणी हाय." मी त्याला सळयांतून जमिनीत वीज सोडून काढलेला आलेख दाखवला. खालपर्यंत सलग खडक, पाण्याची खूण नाही. चांगली जागा आहे, असं मी म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. "लोक पाणी लागावं म्हणून नारळ फोडतेत. तुम्ही न लागावं म्हणून फोडून राहिले का?"

खोदाई सुरू झाली आणि चौऱ्याण्णव मीटरवर पाणी लागलं. खोदाई यंत्राच्या हवेने पांढऱ्या चिखलाचा फेस दोन पुरुष उंच उडाला आणि गावातून पोरं, बायका, म्हातारे धावत आले.

आलेख बरोबर होता, मी चुकले होते. वायरची ओळ एकाच दिशेने टाकली होती आणि खडकातली भेग नेमकी त्या ओळीला समांतर जात होती. आडवी दुसरी ओळ टाकायचा नियम आहे. मी ती टाकली नाही, कारण पहिल्या ओळीतच मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

भोक आता आमच्या उपयोगाचं नव्हतं. त्यावर आठ नटांचं लोखंडी झाकण बसवलं. नट आवळून होईपर्यंत एक म्हातारी हलली नाही. तिचं नाव सरजाबाई. गावाबाहेरच्या, आमच्या लोकांच्या वस्तीतली. गावच्या विहिरीवर पहिली पाळी कुणाची आणि शेवटची कुणाची, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पंचशीला हे नाव ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मग तिने विचारलं, पाणी लागलं तर झाकता कशाला? मी म्हटलं, पाणी पिण्याजोगं नाही. तिने मान हलवली आणि लोकांना परत घेऊन गेली. तिने सांगितल्यामुळे बाकीच्यांनी प्रश्न विचारले नाहीत.

पाण्याचा नमुना मी तोपर्यंत तपासलाही नव्हता. पुढच्या आठवड्यात तपासला. क्षार कमी. फ्लोराइड लिटरला एक पूर्णांक एक मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत. पाणी चांगलं होतं.

मार्चच्या अखेरीस आदेश आला. फसलेलं स्थळ ठेवायचं नाही, तळापासून तोंडापर्यंत सिमेंटने बुजवायचं आणि वर माती पसरायची. साठ पोती सिमेंट भोकरहून बैलगाड्यांनी गायरानात जाऊन पडलं. व्यंकटीला राखणीला ठेवलं. गावाला आठवड्यातून दोनदा टँकर येत होता, कधी एकदाच.

आदेशावर आक्षेप घ्यायची मुभा मला एकाच बाबतीत होती: खर्च. म्हणून मी खर्चाची टिपणी लिहिली. बुजवण्याचा खर्च पाच हजार तीनशे चाळीस. न बुजवण्याचा खर्च शून्य. खाली आणखी तीन आकडे लिहिले. पाण्याचा विसर्ग ताशी दोन हजार सहाशे लिटर, लोकसंख्या सातशे चाळीस, टँकरच्या खेपा आठवड्याला दोन. शेरा काही लिहिला नाही. टिपणी वित्तीय सल्लागार (विशेष) यांच्या नावे दिल्लीला पाठवली.

त्या पदावर गुरुपादप्पा नावाचे गृहस्थ आहेत एवढंच आम्हाला माहीत होतं. आमच्यासारखी कामं देशात किती ठिकाणी चालतात ते मला माहीत नव्हतं. सगळी माहीत असलेला माणूस तो एकच, असं वरिष्ठ सांगत. त्या सगळ्या खर्चाची संसदेपुढे एकच रक्कम जाते, तीही दुसऱ्या मोठ्या रकमेच्या पोटात. लेखापरीक्षक तिथे येत नाहीत. पावत्या कुणी मागत नाही. वर्षाअखेरीला गुरुपादप्पा स्वतःच्या हाताने एक पान लिहितात, हा पैसा योग्य कामी लागला याची मी खात्री केली आहे म्हणून. ते पान तीन माणसं वाचतात आणि तिजोरीत ठेवतात. मला शाळेपासून प्रयोगाची वही ठेवायची सवय. दुसऱ्याने तोच प्रयोग करून तेच उत्तर काढलं तरच उत्तर खरं. इथे दुसरा कुणी नव्हताच. एका माणसाचा शब्द, आणि त्याच्यावर कोट्यवधी रुपये, यंत्रं, भोकं, माणसं उभी. मी कधीकधी त्याचा विचार करायची तेव्हा खोल विहिरीत वाकून बघितल्यासारखं व्हायचं.

टिपणी पाठवल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी दारात एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ आले. साधा बुशशर्ट, कपाळावर भस्माची पुसट रेघ, खांद्याला कापडी पिशवी. बहुतेक भूमी अभिलेख शोधत असतील म्हणून मी त्यांना सांगितलं, काका, ते कार्यालय पलीकडच्या गल्लीत आहे. ते म्हणाले, बरं, आणि समोरच्या खुर्चीवर बसले. टंकलेखक चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "स्थळ क्रमांक सात. एक लाख एक्याऐंशी हजार चारशे बारा रुपये. त्यात तुमची टिपणी धरलेली नाही."

हे गुरुपादप्पा होते. मी उभी राहिले. त्यांनी हातानेच बसायला सांगितलं.

जीप बंद होती, म्हणून आम्ही एसटीने निघालो. नांदेडला बस बदलली. भोकरच्या गाडीत जागा नव्हती, तर ते अर्धा रस्ता पत्र्याच्या पेटीवर बसले. पेटीवाल्याशी त्यांचं बोलणं सुरू झालं आणि त्यांची भाषा हळूहळू आमच्याकडची झाली. ते उदगीरचे, वडील मोंढ्यात आडत्याकडे मापाडी होते, बावन्न साली त्यांनी उदगीर सोडलं, हे मला त्यांनी पेटीवाल्याला दिलेल्या उत्तरांतून कळलं.

मी म्हटलं, आधी कळवलं असतं तर नांदेडला चांगली गाडी ठेवता आली असती. ते म्हणाले, गाडी ठेवली की तिची नोंद होते. प्रवासभत्त्याचं बिल लावलं की वित्तीय सल्लागार भोकरला गेला होता हे कागदावर येतं. म्हणून ते दरवर्षी एक तरी जागा न कळवता बघतात, रजा टाकून आणि स्वतःच्या पगारातून. यंदा राजस्थानातली बघायची ठरली होती. नंतर ही टिपणी आली.

मग वाटेत त्यांनी मला स्थळ सातबद्दल विचारायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता. खोदाईचा मीटरमागे दर, नळ्यांची संख्या, दोन दिवस यंत्र बंद होतं त्याचं कारण, सगळं त्यांना पाठ होतं. एका ठिकाणी माझा आकडा चुकला तो त्यांनी दुरुस्त केला. ही एकाच स्थळाची माहिती. अशी किती स्थळं, किती वर्षं, किती दर त्या डोक्यात असतील याचा मी अंदाज करू लागले आणि मध्येच सोडून दिला. ते खिडकीतून बाहेर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका बघत होते.

गायरानात पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. टँकरचा दिवस होता. टँकर आला नव्हता. रस्त्याच्या कडेला घागरींची रांग आणि बाभळीच्या सावलीत बायका. व्यंकटी सिमेंटच्या पोत्यांवर बसला होता. साहेबांनी झाकणाभोवती एक फेरी मारली, वाकून त्यावर हात ठेवला. तापलेलं होतं, तरी हात लगेच काढला नाही.

मग त्यांनी मला थोडं बाजूला नेलं.

"चूक कुणाची?"

मी सांगितलं, माझी. दुसरी ओळ टाकली नाही.

"का?"

तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी बरोबर आकड्याला हलवत होते तशीच.

"हे भोक बघून कुणी ओळखेल का, कशासाठी पाडलं?"

मी म्हटलं, भोक अगदी सरळ आहे. पाण्यासाठी इतकं सरळ कुणी पाडत नाही. पण वर हातपंप बसला की ते मोजायला कुणी जाणार नाही. भूभौतिक कार्यालयाने चाचणीचं भोक जिल्हा परिषदेला देणं यातही वेगळं काही नाही.

त्यांनी झाकणाकडे बघितलं. मग म्हणाले, "बुजवायचा नियम मी लिहिलेला आहे. बहात्तर साली, दिल्लीत बसून. इकडे लोक झाडपाला खात होते तेव्हा." त्यांनी रांगेकडे बघितलं. "नियम कशासाठी, तर आपण इथं होतो हे कुणाच्या ध्यानात राहू नये. भर दुष्काळात पाणी लागलेलं भोक सिमेंटनं बुजवलं तर हे गाव ते नातवंडांना सांगेल. पंप दिला तर दोन उन्हाळ्यांत विसरेल. हे मला अकरा वर्षं सुचलं नाही. तुमच्या तीन आकड्यांनी सुचलं."

मी व्यंकटीला हाक मारून पाना आणायला सांगितलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. गावाला पाणी वाईट असल्याचं कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. टिपणीत मी ते लिहिलं नव्हतं. त्यांना ते व्यंकटीने आल्याआल्या सांगितलं होतं. मी म्हटलं, मीच सांगितलं. नव्या तपासणीत पाणी चांगलं निघालं असं आता सांगता येईल.

"पहिली तपासणी झाली होती का?"

"नाही."

"मग ते खरं कसं होईल?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पानावर एक वाक्य असतं. स्थळांबाबत लोकांना जे सांगितलं ते असत्य नव्हतं. न सांगायच्या गोष्टी आपण सांगत नाही. त्याचा पगार घेतो. पण सांगितलेलं खोटं नको. माझ्याकडे पावत्या नसतात, बाई. तेवढं वाक्य असतं. एका जागी ते खोटं ठरलं की सगळ्या जागी खोटं."

मी विचारलं, पण कारण विचारतील. मी कारण काय सांगू?

"कारण सांगता येणार नाही," ते म्हणाले.

म्हणजे काय करायचं ते मला समजलं. खोटं बोलले हे सांगायचं आणि का बोलले हे सांगायचं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. ते ऊन डोळ्यांवर घेऊन उभे होते. अकरा वर्षं त्यांनी पानभर मजकूर असाच लिहिला असणार, कारणांशिवाय, आणि त्याखाली सही केली असणार. त्या क्षणी मला त्यांच्या पदाची नव्हे, त्या सवयीची भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात वाटावी तशी. मी देवळात जात नाही. तरी उपमा तीच सुचते.

मी बाभळीकडे चालत गेले. मी माणसांपुढे बोलणारी बाई नाही. सरजाबाई पहिल्या घागरीजवळ बसली होती. मी तिच्यापुढे उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. पाणी चांगलं आहे. पिण्याजोगं आहे. तेव्हा मी ते तपासलंच नव्हतं."

मागून एक बाई म्हणाली, शिकलेल्यांचं असंच ऱ्हातं. दुसरी म्हणाली, कुण्या पुढाऱ्याला इकायचं असंल पाणी, न्हाई जमलं म्हणून आता आली. कुणीतरी हसलं. मला त्यांना अडवता आलं नाही. एक शब्द पुढे गेले असते तर सगळं सांगावं लागलं असतं.

सरजाबाई माझ्याकडे बघत होती. "दीड महिना झाला, माय. माझी सून भरल्या दिसाची. तीन मैल जाऊन हांडा आणून ऱ्हायली." तिने पदराने तोंड पुसलं. "गावातल्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हणलं असतं, दाव आधी पिऊन. तू आपली लेक म्हणून इश्वास ठिवला."

"हो," मी म्हटलं.

"काहून केलंस?"

तिने वाट बघितली. तिला पुष्कळ वेळ वाट बघायची सवय होती. नंतर ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "बरं. आता काय करतीस?"

व्यंकटीने तोपर्यंत पाना आणला होता. आठ नट निघायला अर्धा तास लागला. पाणी आपल्या दाबाने तोंडाखाली नऊ मीटरपर्यंत वर आलेलं होतं. व्यंकटीने नळीचा एक तुकडा घेतला, खाली लाकडी खुंटी ठोकून तळ बंद केला, वर दोर बांधला आणि ते लांबट भांडं भोकात सोडलं. दोर सरसर गेला, थांबला, आणि खालून एक जाड, बंद आवाज आला. बायका पुढे सरकल्या. व्यंकटी मला म्हणाला, "म्याडम, माझा नारळ तुमच्या बॅटरीपरीस हुशार हाय, हे लिव्हा कुठंतरी." मी म्हटलं, लिहीन.

पहिलं पाणी गढूळ आलं, दुसरंही. तिसरं स्वच्छ होतं. ते किती जुनं असेल याचा मी मनात हिशेब केला. त्या खोलीच्या ग्रॅनाइटच्या भेगेतलं पाणी कित्येक शतकांचं असू शकतं. शिळगव्हाण नावाचं गाव वसायच्या आधी पडलेला पाऊस. सरजाबाईने तो पितळी तांब्यात घेतला आणि साहेबांपुढे धरला. साहेब पाव्हणे होते. ते तांब्या दोन्ही हातांनी घेऊन प्याले.

"तुमी कोण, दादा?" तिने विचारलं.

"मी हिशेब बघतो."

"कुणाचा?"

"सरकारचा."

"मंग लई पैका असंल तुमच्याजवळ."

"हाय, पण माझा न्हाई," ते म्हणाले, आणि बायका पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

पानावर काय लिहिणार, असं मी त्यांना तिथेच विचारलं. विचारायचा मला अधिकार नव्हता. ते म्हणाले, "स्थळ सात अयशस्वी. नियम माझा, चूक माझ्या विभागाची. मी स्वतः जाऊन पाहिलं." त्या पानावर त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव येत नाही. त्या अकरा वर्षांत अयशस्वी हा शब्दही कधी आला नव्हता, हे मला पुष्कळ नंतर एका वरिष्ठांकडून कळलं. पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ होते. का, ते कळायची आमच्याकडे सोय नव्हती. नियमात मात्र एक ओळ वाढली होती. आजही ती असेल तर तिथे काय लिहिलंय हे मी इथे सांगणार नाही.

सरजाबाईने दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "वढ," ती म्हणाली. तिने मला माफ केलं होतं असं नाही. रांगेत बेचाळीस घागरी होत्या, आणि एका खेपेला सात लिटर पाणी येत होतं. मी ओढू लागले. पंधराव्या खेपेला हात सोलले. साहेबांनी पिशवी सिमेंटच्या पोत्यावर ठेवली, बुशशर्टच्या बाह्या वर केल्या आणि माझ्या मागे दोर धरला. व्यंकटी म्हणाला, भोकरची शेवटची गाडी आता फाट्यावर येईल. साहेबांनी ऐकलं. दोर सोडला नाही.